पुढची सलग सीट

आमच्या नात्यात कुठेही लग्न असलं की जेवणं झाल्यावर जुन्या गाड्यांचा विषय निघतो. कुणाला दारातली त्रिकोणी काच हवी असते, जराशी वळवली की वारा थेट तोंडावर. कुणाला पावसाळ्यात ओढायचा चोक आठवतो, कुणाला डाव्या पायाखालचं डीपरचं बटण. मी ऐकून घेते. त्या त्रिकोणी काचेतून पाणी मांडीवर गळायचं आणि चोक ओढूनही गाडी ढकलावीच लागायची, हे कुणी सांगत नाही. आताच्या गाड्या चांगल्या आहेत. मी गेली कित्येक वर्षं रोज गाडी चालवते आणि मला त्यातलं काही परत नको.

एकच गोष्ट सोडून, आणि ती कधी माझी नव्हती. ती माझ्या धाकट्या बहिणीची होती. ती फोंड्याला असते, तिला गाडी चालवता येत नाही, आणि लग्नात विषय निघाला की ती हमखास म्हणते, "बाबांची गाडी मीच चालवायचे." लोक हसतात आणि तिला पुन्हा सांगायला लावतात. मी आइस्क्रीम आणायला उठते.

बाबांची अँबॅसॅडर होती. पुढे आताच्यासारख्या दोन वेगळ्या खुर्च्या नव्हत्या, या दारापासून त्या दारापर्यंत एकच सलग सीट होती. तीन माणसं आरामात बसायची. गिअरचा दांडाही खाली नव्हता, तो स्टिअरिंगच्या दांड्यालाच डाव्या बाजूने जोडलेला असायचा. म्हणजे मधे बसणाऱ्याच्या अगदी हाताशी.

बाबांचं डिचोलीच्या बाजारात पत्रे, दोऱ्या, कुदळी-फावडी यांचं दुकान होतं. माल उतरवताना एकदा ट्रकचा फाळका त्यांच्या डाव्या हातावर पडला. हात वाचला, पण बोटं वाकडी राहिली आणि त्यांत जोर राहिला नाही. स्टिअरिंगवर तळवा टेकवता यायचा, पण गिअरचा दांडा ओढता येईना. गाडी विकावी असं सगळे म्हणाले. बाबांनी ऐकलं नाही. एके सकाळी त्यांनी बहिणीला मधे बसवलं, स्वतः क्लच दाबला आणि म्हणाले, "पयलो घाल." तिने दांडा ओढला. मग "दुसरो", मग "तिसरो". बाजाराला वळसा घालून दोघं परत आली तेव्हा शेजारी अंगणात येऊन उभे होते.

तिलाच का, तर ती नऊ वर्षांची होती आणि मी बारा. मी उंच होते. माझे गुडघे दांड्याला लागतील, असं आई म्हणाली. कुणी मला बसवून बघितलं नाही.

तेव्हापासून ती जागा तिची झाली. उजवीकडे बाबा, मधे ती, डावीकडे खिडकीशी आई. मागची सगळी सीट मला एकटीला. पाहुणे म्हणायचे, हिची मजा आहे. मला हवं तर आडवं होता यायचं. मी आडवी झाले नाही. मी दोन्ही हात पुढच्या सीटच्या पाठीवर ठेवून, मान मधे घालून बसायची. रस्ता सरळ आला की बाबा डावा हात बहिणीच्या पाठीमागून सीटवर पसरून टाकायचे. ती वाकडी बोटं माझ्या नाकासमोर असायची. हात तिच्यासाठीच टाकला होता असं नाही, त्याला दुसरं काम नव्हतं. पण तो तिच्या पाठीमागे होता.

पेट्रोल पंपावरचा माणूस तिला मेस्त्रीण म्हणायचा. शाळेतल्या मुली तिला दांडा कसा ओढतात ते विचारायच्या. घरी मी एकदा म्हटलं, आज मी करते. तर ही म्हणाली, "तुका जमचें ना. तुजे पांय लांब." आईचं वाक्य होतं, पण तिने ते पाठ करून ठेवलं होतं.

जमणार नाही असं काही नव्हतं. मागे बसून मला दुसरं करायला काय होतं. इंजिनाचा आवाज कुठे जड होतो, क्लच दाबल्यावर तो कसा सुटतो, लाटंबार्श्याच्या चढावर तिसरा कुठे सोडायचा आणि दुसरा कुठे घ्यायचा, हे मला बाबा बोलायच्या आधी कळायचं. मी तोंडातल्या तोंडात म्हणायची, दुसरो. मग बाबा म्हणायचे, "दुसरो."

एकदा मामा बरोबर होता. तो आईचा भाऊ, पेडण्याचा, पणजीला सरकारी नोकरीत. गोव्याची राजभाषा मराठी की कोंकणी, हे आंदोलन जोरात होतं तेव्हा. बाबा मराठीचे, मामा कोंकणीचा, आणि दोघं भांडायचे ते अर्थातच कोंकणीतून. मामा माझ्या शेजारी मागे बसला होता.

"शाळेंत मराठी, देवळांत मराठी, पत्रां मराठींत," बाबा म्हणाले. "मागीर आमची भास खंयची?"

"आनी तुमी आतां उलयतात ती खंयची, भावोजी?"

आपण कोंकणीतच बोलतोय याला काय म्हणावं ते बाबा शोधत होते आणि समोर चढ आला. गाडी धापा टाकायला लागली. बाबांनी हुकूम दिला नाही म्हणून बहीण हात मांडीवर ठेवून बसलेली. मी मागून म्हटलं, "दुसरो घे, बंद पडटली." तिने बाबांकडे बघितलं. बाबांनी क्लच दाबलाच नाही आणि गाडी चढाच्या मधोमध बंद पडली. मागून खनिजाचे ट्रक हॉर्न द्यायला लागले.

मामा म्हणाला, "भावोजी, फाटलीं चेडवां हुशार आसात हां."

मामाचा माझ्यावर जीव होता, पण मागची मुलगी हुशार, या वाक्याने माझं नुकसान झालं. बाबांनी आरशातून माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात कौतुक नव्हतं.

मग माझा नंबर लागला. दर वर्षी फोंड्याला कुलदेवाच्या देवळात अभिषेक असायचा. त्या साली आंदोलनाचे बंद इतके होत होते की रस्ता मोकळा बघून दिवस ठरला. आदल्या दिवशी बहिणीला गालगुंड झालं. तिला शेजाऱ्यांकडे ठेवायचं ठरलं. ती रडली. मी तिला ओवा गरम करून पुरचुंडी दिली आणि परकर-पोलक्याऐवजी सलवार घातली, पाय मोकळे राहावेत म्हणून.

मधे बसले तर गुडघे कुठेच लागले नाहीत. जरा डावीकडे वळवून बसलं की झालं.

डिचोलीच्या बाहेर पडेपर्यंत सगळं नीट झालं. बाबा म्हणायचे, मी ओढायची. दांडा कसा पडतो ते हाताला कळलं. मग रस्ता वर-खाली व्हायला लागला आणि मी थांबेनाशी झाले. बाबांचा पाय क्लचवर गेला की माझा हात चाललाच. त्यांनी तोंड उघडायच्या आत दुसरा पडलेला असायचा. एकदाही खरखर झाली नाही. गाडी इतकी सरळ कधी चालली नव्हती. मी बाबांकडे बघितलं नाही, मी रस्त्याकडे बघत होते. तिथेच चूक झाली असावी. बहीण नेहमी बाबांकडे बघायची.

एका वळणापुढे त्यांनी गाडी बाजूला घेतली.

"हांवें सांगलें?" ते म्हणाले.

"ना. पण दुसरोच जाय आसलो."

"गाडी कोण चलयता? तूं काय हांव?"

मी दांड्यावरचा हात काढला. गाडी ते चालवतात की मी, याला उत्तर होतं, पण ते देण्यासारखं नव्हतं.

"तूं फाटीं बस," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. आईला म्हणाले, "तूं सर हांगा."

आईने कधी दांड्याला हात लावलेला नव्हता. तिने पदर खोचला, देवाचं नाव घेतलं, आणि फोंडा येईपर्यंत दोन्ही हातांनी, डोळे मिटून दांडा ओढत राहिली. इतकी खरखर झाली की रस्त्याकडेची माणसं वळून बघत होती. दुसऱ्याऐवजी चौथा पडला. एकदा गाडी मागे घरंगळली. बाबा हसत होते. "अगे, तो मोडटलो. हळू. पावसाळी जनेल न्हय तें." पावसाने फुगलेली खिडकी ओढावी तशी ओढता ओढता आईसुद्धा हसायला लागली. मी मागच्या सीटवर एकटी, सलवार घालून. त्या दिवशी मला आईचाही राग आला. अभिषेकाला मी हात जोडले, पण काय मागितलं ते लिहिण्यासारखं नाही.

बहिणीचं गालगुंड बरं झालं आणि ती परत आपल्या जागेवर बसली.

पुढच्या साली गोवा घटक राज्य झालं. बाबांना त्याकडे फारसं लक्ष द्यायला झालं नाही, कारण त्याच सुमारास त्यांचा परवाना नवा करायचा होता आणि डॉक्टरांनी हात बघून दाखला द्यायला नकार दिला. बाबा दुसऱ्या डॉक्टरकडे गेले. त्यानेही नाही म्हटलं. अँबॅसॅडर अंगणात उभी राहिली. घरात मुलगा नव्हता. बहीण पंधरा वर्षांची. मला नुकती अठरा पूर्ण झाली होती.

मी म्हापशाला जाऊन शिकले आणि परवाना घेतला. मग बाबांनी अँबॅसॅडर विकून तेव्हा सगळीकडे दिसायला लागलेली छोटी गाडी घेतली, बायकांना हाकायला हलकी म्हणून. पुढे दोन सुट्या खुर्च्या, मधे खालून वर आलेला आखूड गिअर. मधली जागाच नाही. अँबॅसॅडर गेली त्या दिवशी बहीण फाटकाशी उभी राहून रडली. मला बरं वाटलं. आता स्टिअरिंग माझं, क्लच माझा, गिअर माझा, आणि डावीकडच्या खुर्चीवर बाबा बसणार. ती जागा दुसऱ्या कुणाला मिळण्यासारखी नव्हती, ती घरातल्या कर्त्या माणसाचीच.

पहिली फेरी पेडण्याची, आईच्या माहेरी. मी सकाळी ती डावीकडची खुर्ची पुसली, मागे सरकवली, बाबांचे पाय मावावेत म्हणून. सगळे बाहेर आले. बाबांनी मागचं दार उघडलं.

"बाबा, फुडें बसा."

"थंय एकलो बसून किदें करूं? ती कदेल. हांगा उलयत वचूं येता." आणि ती एकट्याची खुर्ची सोडून, गप्पा मारत जायला ते मागे शिरले. त्यांच्या मागून बहीण. मी आईकडे बघितलं. आई म्हणाली, "हांव फुडें बसचीं ना. म्हाका भंय दिसता." इतकी वर्षं पुढे बसलेल्या आईला आता भीती वाटत होती, तीही मागे गेली.

एवढ्याशा गाडीत मागे तिघं कोंबून, मधे बाबा. आजोळी द्यायचं तांदळाचं पोतं त्यांच्या पायांशी. माझ्या शेजारची खुर्ची रिकामी. नाक्यावर एका ओळखीच्याने हात केला, मी गाडी हळू केली. त्याने मला बघितलं, मागे बघितलं आणि नवा माणूस कामाला ठेवल्यासारखं बाबांना विचारलं, "ड्रायव्हर दवरलो कितें?"

"दवरलो," बाबा म्हणाले. "जेवणावर."

मागे तिघं हसली. बहीण सगळ्यांत जास्त. मग त्यांचं बोलणं सुरू झालं, शाळेचं, मामाचं, दुकानातल्या कुणा गिऱ्हाइकाचं. इंजिनाच्या आवाजात मला अर्धं ऐकू येत होतं. मी "काय?" म्हटलं की बाबा म्हणायचे, "तूं रस्त्याक पळे." माझी नजर परत रस्त्याकडे.

अस्नोड्याच्या पुढे मी गाडी थांबवली. उतरले, मागच्या चाकाकडे वाकून बघितलं, आणि खिडकीशी येऊन सांगितलं की मागे वजन फार झालंय, गाडी खाली बसतेय, टायर घासेल. ते थोडंफार खरंही होतं. "एकान फुडें येवंक जाय," मी म्हटलं, आणि बाबांकडे बघितलं.

बाबांनी वाकून चाकाकडे नजर टाकली. मान हलवली. "बरोबर सांगता तें," ते आईला म्हणाले. मग त्यांनी आणि बहिणीने मिळून पायांशी असलेलं तांदळाचं पोतं उचललं, दोन खुर्च्यांमधून पुढे सरकवलं आणि माझ्या शेजारी नीट बसवलं.