कॉम्प्युटर बंद करायचा नाही

मंगळवार पेठेतल्या आमच्या घरात कॉम्प्युटरवरून जेवढं वाजतं तेवढं दुसऱ्या कशावरूनही वाजत नाही. तो बंद करायचा की चालू ठेवायचा, एवढाच प्रश्न. मी घरीच लग्नपत्रिका आणि वास्तुशांतीची कार्डं करून देते. माझा कॉम्प्युटर जुना आहे. सकाळी बटण दाबलं की आधी आमचा चहा होतो, मग तो उठतो. त्यामुळे एकदा चालू केला की दिवसभर चालू, हा माझा कायदा. गिऱ्हाईक दारात उभं राहून ‘आजोबांचं नाव राहिलं की’ म्हणतं, तेव्हा त्याला ताटकळत ठेवायला मला आवडत नाही. मी तापट आहे आणि मला दम निघत नाही, हे पेठेत सगळ्यांना माहीत आहे.

अण्णा, म्हणजे माझे वडील, बंद करणाऱ्यांच्या पक्षातले. कुणी पाणी प्यायला उठलं तरी त्याच्यामागं पंखा बंद. सगळे मिळून बाहेर पडायचं असेल तर मेन स्विचच खाली. मी जेवायला बसले की ते हळूच जाऊन मॉनिटरचं बटण दाबतात आणि कॉम्प्युटरला झोपवल्याच्या समाधानानं ताटावर येऊन बसतात. खरा डबा टेबलाखाली तसाच घोंगावत असतो, हे मी त्यांना बरीच वर्षं कळू दिलं नाही.

एके काळी खुद्द अण्णांना बंद करणं कुणाला जमायचं नाही. ते कुस्तीच्या मैदानाचे निवेदक. जत्रेच्या मैदानात हलगी थांबली की अण्णांचा आवाज सुरू. पैलवान आत उतरायच्या आधी त्याचं गाव, त्याची तालीम, त्याचा वस्ताद, त्याच्या आज्यानं कुणाला अस्मान दाखवलं होतं, सगळं तोंडपाठ. घरीही तसंच. भाजीत मीठ कमी पडलं तर ते गल्लीच्या टोकाला कळायचं. मग घशाचं ऑपरेशन झालं, स्वरयंत्र काढावं लागलं आणि आवाज गेला. आता ते टाळी वाजवून बोलावतात आणि हातवाऱ्यांनी सांगतात. कॉम्प्युटरवरून आमचं जुंपलं की ते आधी टेबलाकडं बोट करतात आणि मग स्वतःच्या गळ्याकडं. उसंत न देता राबवलेलं यंत्र असं जातं, हे त्यांचं म्हणणं. डॉक्टरांनी कारण वेगळं सांगितलं होतं, पण अण्णांनी ते मनावर घेतलं नाही. त्या बोटापुढं माझं काही चालत नाही. मी मुकाट्यानं बंद करते.

आणि त्या आवाजाचं आमच्याकडं काहीच उरलं नव्हतं. आवाज घरातच नांदत होता, तो भरून ठेवावा हे कुणाला सुचणार? ऑपरेशननंतर मी चार ठिकाणी विचारायला लागले, तर विषय निघाला की अण्णा उठून बाहेर पायरीवर जाऊन बसायचे. मला त्यांचा राग यायचा आणि त्यांची दयाही यायची.

गेल्या नवरात्रात मुरगूडहून फोन आला. तिथं लाउडस्पीकरचा धंदा केलेले एक काका आहेत, अण्णांचे जुने दोस्त. घट बसायच्या आधीच्या साफसफाईत त्यांच्या माळ्यावर एक कॅसेट निघाली होती. एका जत्रेतल्या मैदानाचं अण्णांचं निवेदन त्यांनी भरून घेतलं होतं आणि पार विसरून गेले होते. मी फोन कानाला लावूनच नाचले. कॅसेट त्यांच्या एका पाहुण्याबरोबर आली, ती नेमकी खंडेनवमीच्या सकाळी.

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारांची पूजा असते. ज्याचं ज्यावर पोट, ते त्याचं हत्यार. आई विळी, कात्री, पाना, अण्णांचा जुना माइक असं सगळं पुसून पाटावर मांडते, आणि माझा कॉम्प्युटर पाटावर येत नाही म्हणून पूजेचं ताट त्याच्याकडं जातं. हळदकुंकू, झेंडूचं फूल, नमस्कार. त्यानंतर दसरा उजाडेपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. भाजीसुद्धा आधी चिरून ठेवलेली असते. कॉम्प्युटर तर बंद असलाच पाहिजे. वर्षातल्या या एका दिवशी बंद करणाऱ्यांच्या पक्षाला देवाचा पाठिंबा असतो.

शहाण्या माणसानं कॅसेट दोन दिवस कपाटात ठेवली असती. मला कुठला दम? पूजेला अजून अवकाश होता. पाहुण्याचा चहा व्हायच्या आत मी जुना टेपरेकॉर्डर काढला, त्याची वायर कॉम्प्युटरला जोडली आणि कानाला हेडफोन लावून बटण दाबलं. अण्णांनी कॅसेट पाहिली. ती कसली हे त्यांना सांगावं लागलं नाही. ते उठले आणि पायरीवर जाऊन पाठ करून बसले.

हेडफोनमध्ये आधी नुसती खरखर, मागं हलगी, आणि मग तो आवाज. “मंडळी, डोळं मिटू नगासा. मिटलं तर कुस्ती गेली.” माझ्या अंगावर काटा आला. मी हसत होते की रडत होते ते मला सांगता येणार नाही. पाहुण्यानं कप खाली ठेवून मला काय झालं म्हणून आईला विचारलं. स्क्रीनवर आवाजाची नक्षी उमटत पुढं सरकत होती. एका बाजूला पैलवान, एका बाजूला गर्दी, आणि सगळ्यांच्या वर अण्णा. इतका मोठा, इतका मस्तीतला आवाज होता तो, आणि मी तो विसरत चालले होते.

शेवटची कुस्ती सुटली आणि टेपरेकॉर्डरनं फीत खाल्ली. झाकण उघडलं तर फीत रुळाला गुंडाळून तुकडे तुकडे झालेली. मी म्हटलं, जाऊ दे, कॉम्प्युटरमध्ये तर आलंय. साठवायला गेले, तर डिस्कवर जागा नाही. इतक्या वर्षांच्या पत्रिका आत ठासून भरलेल्या. घाईघाईनं दोनचार जुन्या पत्रिका पुसायला गेले तर सगळी खिडकीच पांढरीफटक पडली. बऱ्याच वेळानं नक्षी परत दिसली. त्यानंतर माउसला हात लावायची हिंमत होईना. कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, काही पुसू नका, मुख्य म्हणजे बंद करू नका, बाहेरून जोडायची डिस्क न्या आणि थेट तीवर साठवा. म्हणजे तोवर अण्णांचा आवाज फक्त त्या चालू मशीनमध्ये होता. वीज गेली, बटण दाबलं गेलं, की संपलं. यूपीएसची बॅटरी केव्हाच मेलेली. घरातला पेनड्राइव्ह एका गिऱ्हाइकाबरोबर गेला तो गेलाच. पाहुणा कधीच पुढच्या कामाला निघून गेलेला. आणि घरात मागं राहणार कोण, तर बंद करणाऱ्यांचा अख्खा पक्ष.

आईला मी हात जोडून सांगितलं, मी येईपर्यंत कशालाच हात लावू नका. तिची घालमेल होत होती, पण ती आपल्या जागेवरून हलेना. “मुहूर्त हाय तवर पूजा झाली पायजे,” ती म्हणाली. “आलीस तर बरं. न्हायतर मी बंद करून हळदकुंकू लावणार. आजच्या दिवशी हत्याराला इसावा द्यायचा असतोय.”

मग मी पायरीवर गेले. अण्णांची पाठ तशीच होती. त्या पाठीला मी म्हटलं, “अण्णा, तुमचा आवाज आत हाय. अजून साठवलेला न्हाय. वीज बंद झाली की गेला. मी आलोच.” आमच्याकडं पोरीही ‘आलो’च म्हणतात. अण्णांनी मान वळवली नाही. मला वाटलं, झालं, हे आता मेन खाली ओढणार आणि एकदाचे मोकळे होणार.

मी स्कूटर काढली. खंडेनवमीला कोल्हापुरात वाहन चालवणं म्हणजे अंगणातल्या रांगोळीतून वाट काढणं. निम्म्या रिक्षा रस्त्यातच उभ्या करून धुणं चाललेलं, उरलेल्यांना हार. मिरजकर तिकटीला झेंडूचे ढीग रस्त्यावर आलेले. मी हॉर्न दाबतच होते. एका रिक्षावाल्यानं बादली आडवी धरून, कुणाचं लगीन मोडाय निघालाय व्हय, असं विचारलं. मी काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण खरं सांगू का, भीतीबरोबर एक वेडा आनंदही मला होत होता. आवाज होता. जगात एका ठिकाणी तो होता, आणि मी त्याला आणायला निघाले होते.

राजारामपुरीतल्या दुकानात शटर अर्धं खाली आणि आत सगळी मशीनं बंद, ओळीनं हार घालून बसलेली. माझ्या फोननंतर दुकानदाराची पूजा उरकलेली. आता कशाला हात लावणार नाही, म्हणाला. मी त्याला अण्णांचं सांगितलं. निवेदक म्हणताच तो थांबला. लहानपणी त्यानं मैदानात ऐकलेलं होतं. त्यानं कपाट उघडलं, डिस्क काढली, तिच्या खोक्याला पाटावरचं कुंकू लावलं आणि माझ्या हातात दिली. घरी फोन लावला तर आई उचलेना. म्हणजे ताट तिच्या हातात होतं.

परत येताना मी कुठून आले ते मला आठवत नाही. गल्लीत शिरले तर पायरी मोकळी. अण्णा तिथं नव्हते. मेनच्या डब्याकडं पाहायची छातीच होईना, मी सरळ आत धावले.

कॉम्प्युटर चालू होता. अण्णा टेबलाशी, जमिनीवर मांडी घालून बसले होते. उजवा तळवा डब्याच्या बटणावर घट्ट दाबून ठेवलेला नव्हे, त्याच्यावर छपरासारखा धरलेला, कुणाचं बोट जाऊ नये म्हणून. हाताच्या पाठीवर हळद होती, कुंकू होतं आणि बोटांच्या बेचक्यात एक झेंडूचं फूल. समोर आई ताट घेऊन उभी, निम्मी चिडलेली, निम्मी हरखलेली. तिनं सांगितलं ते असं. ती ताट घेऊन बंद करायला वाकली तेवढ्यात अण्णा बाहेरून आले आणि बटणावर हात ठेवून बसले. तिनं मुहूर्त सांगितला, देवाचं भय घातलं, शेवटी ओरडली. हात हलेना. मुहूर्त तर टळायला आलेला. मग तिनं हातालाच हळदकुंकू लावलं, फूल ठेवलं आणि नमस्कार केला.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की अण्णांच्या कानाला हेडफोन आहेत. स्क्रीनवर रेघ नक्षीवरून पुढं सरकत होती. चालू करायचा त्रिकोण त्यांना टेपरेकॉर्डरवरून माहीत होता, तो त्यांनी डाव्या हातानं माउस ओढून दाबला होता. हात लावू नका म्हणून मी इतकी बजावून गेले होते, पण रागवायला मला जागाच उरली नाही. त्यांचे ओठ हलत होते. आतला शब्द यायच्या आधी त्यांचे ओठ तो बोलून मोकळे होत होते.

मी डिस्क जोडली. त्रिकोण थांबवला, साठवा म्हटलं, आणि हिरवी पट्टी सरकू लागली. आम्ही तिघंही तिच्याकडं बघत बसलो. पट्टी भरली. मी फाइल उघडून पाहिली, दुसऱ्या नावानं आणखी एकदा साठवली, मग डिस्क छातीशी धरली, वायरीसकट. मी मोठ्यानं ओरडले, “आला, अण्णा, आला.” गल्लीतली दोन माणसं दारात डोकावून गेली.

आई डोळे पुसत आत स्वयंपाकघरात गेली. नैवेद्य खोळंबला होता. अण्णांनी बटणावरचा हात काढला, कानाचे हेडफोन काढले, जरा विचार केला आणि हेडफोनची पिन ओढून बाहेर काढली. मी परत त्रिकोण दाबला. स्पीकरमधून घरभर अण्णांचा आवाज सुटला. दोन पैलवानांची नावं, गावं, हलगी, गर्दीच्या शिट्ट्या. कुस्ती लागली, लांबली, सुटली. आणि मग दोन कुस्त्यांच्या मधल्या जागेत, माइक बंद करायचा राहून गेल्यासारखा, साधा, घरातला आवाज आला.

“पाणी आणा की जरा. घसा वाळला.”

स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज झाला. आई तांब्या आणि वर पालथं घातलेलं फुलपात्र घेऊन लगबगीनं बाहेर आली आणि अण्णांच्या पुढ्यात धरून उभी राहिली. मग तिनं माझ्याकडं पाहिलं, स्पीकरकडं पाहिलं, आणि तिच्या लक्षात आलं. तिचा हात मागं घ्यायचा राहिला. अण्णांनी तांब्या घेतला, पाणी ओतलं आणि सगळं पाणी प्यायले.

मी माउसकडं हात नेला. आई तिथंच टेबलाच्या पायाशी खाली बसली आणि म्हणाली, “बंद करू नगंस. चालू दे.”