हाय पण न्हाय

अंगणवाडीत शिरल्या की बाई आधी दार लावून घ्यायच्या. मग मुलांच्या उंचीला उकिडव्या बसून तेच दार आतून उघडून बघायच्या. "आतनं उघडाया पायजे. बाकीचं मागनं बघू." ज्या दाराची कडी मुलांच्या हाताला लागत नसे, तिथं त्या मागावरच्या उरलेल्या सुताची वेणी घालून कडीला बांधून खाली सोडायच्या. ओढलं की दार आत यायचं. रजिस्टर, वजनकाटा, खाऊचे डबे, सगळं त्यानंतर.

तपासणीला येणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. खुर्ची मागतात, चहा येईपर्यंत भिंतीवरचे तक्ते बघतात, सही करतात आणि जातात. बाई पर्यवेक्षिका होत्या. यंत्रमागांच्या भागातल्या पंचवीसेक अंगणवाड्या त्यांच्याकडे. त्यांना खुर्चीत बसलेलं मी एकदाही पाहिलं नाही. पण हे मला उशिरा कळलं. आधी मी त्यांच्याविरुद्ध पत्रक काढलं.

मी पत्रकं लिहिते. मुलांच्या हक्कांसाठी भांडणारा आमचा पाच-सहा जणांचा गट आहे. माहितीच्या अधिकारात आम्ही तपासणीचे अहवाल मागवले. त्यात एक अंगणवाडी होती, यंत्रमाग कारखान्यामागच्या भाड्याच्या खोलीत भरणारी. 'नळाला पाणी आहे का?' या प्रश्नापुढे दर वेळी एकच उत्तर: आहे. मी गेले तेव्हा नळ कोरडा. दोन दिवसांनी गेले, तरी कोरडा. सोलापुरात पाणी चार-पाच दिवसांआड येतं हे काही नवीन नाही. मी बाईंच्या भेटीच्या तारखा आणि त्या गल्लीच्या पाण्याच्या पाळीच्या तारखा शेजारी शेजारी मांडल्या. एकूण एक जुळल्या. बाई मुद्दाम पाण्याच्या दिवशीच यायच्या.

'तपासणी मुलांची की पाळीची?' हे शीर्षक माझंच. 'खोटा अहवाल' हा शब्द मी तीनदा वापरला होता आणि तिन्ही वेळा ठळक छापून घेतला होता. जुळे सोलापूरपासून मागांच्या गल्ल्यांपर्यंत आम्ही ते वाटलं.

चौथ्या दिवशी बाई आमच्या ऑफिसात आल्या. ऑफिस म्हणजे जिन्याखालची खोली. हातात पत्रक. मला वाटलं, आता भांडण. त्यांनी मागे वळून दार लावलं, आतून उघडून पाहिलं, आणि मग चटईवर बसल्या.

"लई चांगलं लिहितीस की. पर एक राहिलं. 'न्हाय' लिहिल्यावर काय हुतंय, ते न्हाय लिहिलंस."

मी म्हणाले, पाणी द्यावं लागेल त्यांना, नियमच आहे तसा.

"व्हय, नियमच हाय," त्या हसल्या. "न्हाय लिहिलं की नळाला पाणी येत न्हाय, पोरी. दाराला कुलूप येतंय."

मग त्यांनी मला समजावून सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं. अंगणवाडी अपात्र ठरली की मुलं जवळच्या अंगणवाडीत पाठवायची, असा आदेश आहे. इथली 'जवळची' मोठ्या रस्त्यापलीकडे. तीन-चार वर्षांची मुलं. वडील मागावर, आई घरात विड्या वळतेय. हात धरून रस्ता ओलांडून कोण देणार?

पर्समधून त्यांनी वही काढली. सरकारी तक्त्याला दोनच रकाने असतात, आहे आणि नाही. बाईंनी वहीत पेन्सिलीनं तिसरा आखला होता: 'हाय पण न्हाय'. संडास, हाय पण न्हाय, किल्ली मालकाकडे. वजनकाटा, हाय पण न्हाय, सेल संपलेत. नळ, हाय पण न्हाय, पाळीला येतो, टाकी मिळावी. ही यादी त्या दर अहवालाला वेगळं पान जोडून वर पाठवत होत्या. वर्षानुवर्षं. प्रत्येक पानाचा जावक क्रमांक वहीत होता. आणि मी, हक्कांची मोठी जाणकार, अर्जात फक्त 'अहवाल' मागितला होता. जोडपत्रं मागितलीच नव्हती.

दुसरं पत्रक काढते म्हणाले. "काढ की," म्हणाल्या. पण पहिलं पोचायचं तिथं पोचलं होतं. टाकी मागणारी इतकी पानं ज्या कचेरीत कुणाला दिसली नाहीत, तिथं माझं एक पान लगेच दिसलं. आदेश निघाला: त्या अंगणवाडीची फेरतपासणी, ठरलेल्या तारखेला, मोबाईलवर, वाहत्या नळाच्या फोटोसह. तारीख पाळीच्या दोन दिवस आधीची.

त्या दिवशी बाईंनी मला अंगणवाडीत बोलावून घेतलं. दार लावलं, वेणी ओढून उघडलं. मग अंगणातला नळ सोडला. नळानं नुसती हवा सोडली. आत सेविकेनं पाळीच्या दिवशी भरून, फडक्यानं झाकून ठेवलेले हंडे होते. मुलं बहुतेक तेलुगू घरातली. बाईंनी एका चिमुरडीला विचारलं, "नीळ्ळु उन्नाया?" पाणी आहे का? ती उठली, हंड्यातून पेला भरला आणि दोन्ही हातांनी सांभाळत बाईंना आणून दिला. बाईंनी तो सगळा प्यायला. पेला पालथा ठेवला.

फोनवर दोन बटणं. पेन्सिलीनं तिसरा रकाना आखायला तिथं जागा नव्हती, जोडपत्र जोडायचीही सोय नव्हती. बाईंनी फोन माझ्यापुढे धरला.

"कागद तुझा. दाब तू."

मी हात पुढे केला नाही. खोटं लिहा असं मला म्हणता येईना, आणि खरं दाबवेना. मुलं आमच्याकडे बघत होती. बाईंनी फोन मागे घेतला. मग कोरड्या नळाचा फोटो काढला आणि स्वतःच्या अंगठ्यानं 'नाही' दाबलं.

खरा अहवाल हवा, ही माझ्या पत्रकाची मागणी मान्य झाली होती. महिन्याभरात खोलीला कुलूप लागलं. रस्त्यापलीकडच्या अंगणवाडीत अर्धी मुलंसुद्धा पोचली नाहीत. पेला देणारी ती चिमुरडी तिथल्या पटावर आहे. हाय पण न्हाय. आईशेजारी बसून ती विड्यांना बांधायचा दोरा सोडवत असते. जुन्या अहवालांबद्दल बाईंना नोटीस निघाली आणि त्यांची बदली जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला झाली. त्या गेल्याचं मला सेविकेकडून कळलं.

मी त्यांच्या जोडपत्रांच्या प्रती मागवल्यात. 'अभिलेखात आढळून येत नाही' असं उत्तर आलं. अपील केलंय, सोडणार नाही.

परवा त्या खोलीवर गेले होते. कुलूप बाहेरून आहे. खिडकीच्या फटीला डोळा लावला. हंडे नेलेत, तक्ते नेलेत. दाराच्या आतल्या बाजूला लाल सुताची वेणी मात्र तशीच लोंबते आहे, तीन वर्षांच्या मुलाचा हात पोचेल एवढ्या उंचीवर.