पायऱ्या उतरून दाखव

आमच्या खो-खोच्या सरांनी उभ्या जन्मात कुणावरही पहिल्या झटक्यात विश्वास ठेवलेला नाही. स्वतःच्या घड्याळावरसुद्धा नाही. मनगटावर एक असताना खिशात दुसरं असायचं, आणि दोघांत मिनिटाचा फरक निघाला की सर रस्त्यावरच्या माणसाला तिसरी वेळ विचारायचे. त्या बिचाऱ्याने सांगितली की वर "नक्की?" हे ठरलेलं.

आम्ही पेठेतल्या शाळेच्या मुली. एकदा मैदानाला दहा फेऱ्या मारायला सांगून सर चहाला गेले. आम्ही म्हटलं, सुटलो! सहा मारल्या आणि झाडाखाली गप्पा ठोकत बसलो. सर परत आले ते थेट कोपऱ्यात जाऊन उकिडवे बसले. जाण्याआधी या गृहस्थांनी तिथली माती झाडूने सारखी करून ठेवली होती, आणि आता ते आमच्या पावलांचे ठसे मोजत होते. "सहा दिसतायत," ते शांतपणे म्हणाले. "उरलेल्या चार आपण उडत मारल्यात का?" त्या दिवशी आम्ही वीस मारल्या.

दुखण्याची सबब सांगणाऱ्या मुलींसाठी तर त्यांच्याकडे खास परीक्षा होती. गुडघा दुखतो म्हटलं की शाळेच्या जिन्याकडे बोट. "पायऱ्या उतरून दाखव." चढताना सोंग आणता येतं, उतरताना गुडघा चहाडी करतो, असं त्यांचं शास्त्र. मी आरशासमोर सराव करून लंगडत उतरण्यात तरबेज झाले होते. सरांनी पूर्ण जिना उतरू दिला आणि विचारलं, "काल डावा होता ना?"

मग राज्य स्पर्धेची निवड आली आणि खांबाजवळ वळताना माझा उजवा गुडघा खरोखरच कट्कन वाजला. मी आईलाही सांगितलं नाही. दोन वर्षं त्या संघासाठी घाम गाळला होता. आता माघार घ्यायला काय मी वेडी आहे? सरांनी विचारलं, "काही दुखतंय?" मी म्हटलं, "छे हो, ठणठणीत!" दुसरा कुणी असता तर खूश झाला असता. सरांनी जिन्याकडे बोट केलं. मी हसत हसत चार पायऱ्या उतरले. पाचवीला कठड्याला एक बोट टेकलं. एकच!

"घरी जा," सर म्हणाले. "यादीत तुझं नाव नाही."

मी रडले, भांडले, "तुम्ही दुष्ट आहात" असंही तोंडावर म्हणाले. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, अजून आठवडाभर खेळली असती तर पाय जन्माचा अधू झाला असता. तरी दोन महिने मी सरांशी बोलले नाही. ते मात्र रोज संध्याकाळी सायकलवरून घरी यायचे आणि समोर बसून माझे व्यायाम मोजायचे. आईने दिलेला चहा घ्यायचे नाहीत. चहा पिता पिता मोजणी चुकावी असा आम्हा मायलेकींचा डाव असणार, अशी त्यांची खात्री होती.

पुढे खेळ सुटला, सर काही सुटले नाहीत. मी नोकरीच्या मुलाखतीला निघाले की "फाईल उघडून दाखव." लग्न ठरलं तेव्हा त्यांनी नवऱ्यामुलाला कॅरम खेळायला बोलावलं आणि धडधडीत लबाडी करून त्याला तीनदा हरवलं. तो बिचारा दर वेळी हसून सोंगट्या लावत राहिला. "रागावत नाही हा," सर मला बाजूला घेऊन म्हणाले. "कर लग्न. पण लक्ष ठेव."

आता मी हडपसरला राहते आणि सर बुधवार पेठेत दुसऱ्या मजल्यावर एकटेच. गेल्या काही महिन्यांत ते मैदानावर दिसेनात. फोन केला की म्हणायचे, रस्ता खोदलाय. मग म्हणाले, चप्पल तुटलीये. मग, मैदानावर धूळ फार असते. आमचे सर आणि सबबी! माझ्या मनात पाल चुकचुकली. शनिवारी सकाळी न सांगता जाऊन धडकले.

"ठणठणीत आहे मी," दार उघडताच सर म्हणाले.

"असाल. पायऱ्या उतरून दाखवा."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी शाळेत असते तर पळून गेले असते. मग उतरू लागले. पहिली, दुसरी. तिसऱ्या पायरीवर त्यांनी दोन्ही हातांनी कठडा धरला आणि माझ्याकडे पाठ करून तिथेच खाली बसले. किती बारीक झाली होती ती पाठ! मला भडभडून आलं.

"कधीपासून?"

"दिवाळीपासून. तू उगाच संशय घेतेस."

"खाली रिक्षा थांबवलीये. डॉक्टरांची वेळ घेतलीये."

सर हलेनात. मग मी मागून त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, "खो."

"फाऊल," सर मागे न बघता म्हणाले. "आधी हात लागला, आवाज नंतर आला."

मी डोळे पुसले आणि पुन्हा दिला, हात आणि आवाज एकदम. सरांनी क्षणभर विचार केला, माझा हात घट्ट धरला आणि उठले.