वजन होईपर्यंत

कोल्हापुरात जन्मलो, पण अंगाने काडी पहिलवान, त्यामुळे तालमीने मला लांबूनच नमस्कार केला. वडील टांग्याच्या घोड्यांना नाल ठोकायचे. म्हणून घोड्याच्या पाठीवर गेलो आणि जॉकी झालो. पुढे बरेच कप जिंकले. कुणी पावणं भेटलं की पहिल्या मोठ्या कपाबद्दलच विचारतं, आणि मला नेमका तोच नको असतो.

त्या रेसमध्ये माझा जोडीदार जॉकी वळणावर पडला. पेठ वडगावचा, शेतकऱ्याच्या घरचा. शिकताना आम्ही पुण्यात एकाच खोलीत राहिलो होतो. त्या दिवशी तो माझ्या पुढे होता. तो पडला म्हणून मी जिंकलो, यात लपवण्यासारखं काही नाही.

रेस संपली की जॉकीने खोगीर उतरवून, ते घेऊन थेट वजनाच्या काट्यावर जायचं असतं; ठरलेलं वजन भरलं तरच जिंकणं खरं. वजन होईपर्यंत कुणाला शिवायचं नाही, नाहीतर जिंकलेली रेस हातची जाते. मी खोगीर छातीशी धरून निघालो होतो, आणि बाजूने त्याला स्ट्रेचरवरून नेत होते. त्याने हात पुढे केला. मी काट्यावर गेलो. नियम म्हणजे नियम. पण त्या हाताने माझी पाठ सोडली नाही. नमाजाला हात बांधले तरी माझ्या दोन हातांत तिसरा असतो.

घोडा कायमचा सोडल्यावर एकदाचा वडगावला गेलो. मनात एवढंच होतं, तो हात धरायचा. "डोक्याला मार बसल्यापासनं ह्यांचं मन त्याच दिवसात अडकलंय, नवं सांगितल्यालं घडीभरात इसरत्यात," वहिनीने दारातच सांगितलं. तो पुढच्या सोप्यात खुर्चीवर बसला होता. मला लगेच ओळखलं. मी हात पुढे केला तसा तो मागे सरकला.

"हात लावू नगंस. वजन व्हायचं हाय अजून."

"आपण होऊन कुणाच्या हातात हात देत न्हाईत," वहिनी म्हणाली. "लेकीच्याबी न्हाय. पाळण्यात हुती तवापासनं."

मला त्याचा राग आला आणि रडूही आलं. मी म्हटलं, "झालं की वजन. बरोबर भरलं. कप तुझा."

त्याने मला निरखून पाहिलं. "व्हय? आन् तू?"

"मी दुसरा."

तो हसला आणि त्याने हात दिला. मी दोन्ही हातांनी धरला. वहिनीने आत वळून लेकीला हाक मारली, "ये लवकर, त्यांनी इसरायच्या आत ये."