माराचा रंग

सुमन,

दिघीच्या जेट्टीवर मी लाँचमध्ये चढले तेव्हा पदराने अर्धं तोंड झाकलं होतं. तू, घरातली धाकटी जाऊ, माझी पिशवी धरून मागे उभी होतीस. आदल्या दिवशी माझ्या नवऱ्यानं, तुझ्या मोठ्या दिरानं, मला झावळीच्या दांड्यानं मारलं होतं. एक दात तोंडातच तुटला. सासूबाईंनी शिकवलं होतं, "कोनी इचारलं तर विहिरीवर पडले म्हन." कोणीच विचारलं नाही. सहा वर्षांच्या स्वातीला बोटाला धरून, खाडीत रक्त थुंकत मी आगरदांड्याला उतरले आणि पनवेलला भावाकडे आले.

भावाच्या जुन्या कॉम्प्युटरवर स्वाती एक गेम खेळायची. एक मुलगी पाण्याखालच्या किल्ल्यात आपल्या बहिणीला शोधते. मुलगी म्हणजे नुसते रंगीत चौकोन. राक्षसाने सुरा मारला की ती लुकलुकायची आणि पुन्हा धडधाकट. तांदूळ निवडता निवडता मी बघत बसायचे. पुढच्या भागात ती कार्टूनसारखी झाली, मोठे डोळे, गोल गाल. डोक्यात सोटा बसला की भोवती चांदण्या फिरायच्या. भाऊ-भावजय हसायचे. माझी जीभ दाताच्या रिकाम्या जागी जायची.

स्वाती चित्रं काढायला शिकली. आता त्याच गेमचा नवा भाग करणाऱ्या कंपनीत ती चेहरे रंगवते. या वेळी सगळं खऱ्या माणसासारखं आहे. कातडी फाटते, ओठ सुजतो, हाड मोडल्याचा आवाज येतो. जुने खेळणारे चिडलेत म्हणे, चौकोनच बरे होते, हे बघवत नाही. मला ते कळतं. आपणही झाकलंच की.

गेल्या रविवारी तिने मला त्या मुलीचा चेहरा दाखवला. तिला काल मार बसलाय, म्हणाली.

मी म्हटलं, "मग कडेला पिवळं कसं? आधी लाल, मग काळं-जांभळं, मग हिरवट. पिवळं आठवड्यानं येतं."

तिने रंग बदलला. मग पडद्याकडेच बघत म्हणाली, "विहिरीवर पडल्यावर दंडावर बोटं उठत नाहीत, आई. मी तेव्हाच मोजली होती. चार."

म्हणून लिहितेय. तुझ्या मुलीच्या वाढदिवसाचा फोटो आला. पायरीवरून पडले, म्हणालीस. तुझ्या हनुवटीखाली पिवळं आहे आणि डोळ्याखाली जांभळं. ते दोन वेगळे दिवस आहेत, सुमन. फोनवर हे बोलायला माझी जीभ उचलत नाही, आणि तुझा फोन तुझा नवरा बघतो. शनिवारी स्वाती येईल, हे पान तुझ्या हातात देईल. तिच्याबरोबर तुम्ही दोघी मायलेकी निघा.

इथे एकच खोली आहे. माड नाहीत, पाणी सकाळी तासभर येतं. कितीतरी वर्षं मी दिघीलाच घर म्हणायचे. आता जिन्यात जड पावलं वाजली तरी माझा हात थांबत नाही, मी भाकरी थापत राहते. घर म्हणजे मला एवढंच कळलंय.