वाढत्या पायाचे बूट

सेबू बेटावरच्या कारकार गावात धड बूट घातलेले जेवढे पाय असतील, त्यातले निम्मे तरी लोला लुमिंगच्या, म्हणजे लुमिंग आजीच्या, हातचे बूट घालून हिंडत. चव्वेचाळीस वर्षं तिने चामडं शिवलं. दर जानेवारीत घरच्या सांतो निन्योला, म्हणजे देव्हाऱ्यातल्या बाळ येशूला, ती नवे बूट करी. तो रात्रीचा गावभर हिंडतो, कोणाला ताप आहे, कोणाची होडी परतली नाही ते बघून येतो, हे तिथे सगळ्यांनाच ठाऊक. शेजारीण हसली की लोला जुने बूट उलटे करून झिजलेले तळ दाखवी.

यंदा फेब्रुवारीत, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, ती पहिल्यांदा विमानात बसणार होती. लेक मारिविक नऊ वर्षांपूर्वी कॅनडात, विनिपेगला गेली. तिथेच लग्न, तिथेच बाळंतपण. नात ताला साडेपाच वर्षांची झाली, ती लोलाने फोनच्या काचेतच पाहिलेली. आणि काचेतली ताला 'हॅलो' म्हणून जी सोफ्यामागे पळे, ती परत येत नसे. मारिविक आईला म्हणे, लाजते गं नानाय. लाजणं वेगळं आणि परकं वाटणं वेगळं, हे लोलाला कळत होतं.

विमानाची तिला भीती नव्हती, बर्फाची तर उत्सुकताच होती. धाकधूक एवढ्याचीच, की पोर जवळ येईल ना? मोठं माणूस दारात आलं की धाकट्याने त्याचा हात घेऊन आपल्या कपाळाला लावायचा, मोठ्याने आशीर्वाद द्यायचा, ही तिच्याकडची रीत. तालाने हात घेतला तर सगळं मिळालं. नाही घेतला तर सहा महिने सोफ्याशी गप्पा मारायच्या.

मारिविकने कागदावर तालाचं पाऊल रेघून पाठवलं होतं. त्या मापावर लोलाने बूट शिवले, आतून जाड लोकर लावली. उरलेल्या लोकरीत बाळ येशूचेही झाले. त्याला टॉवेलात गुंडाळून तिने हातातल्या पिशवीत घेतलं. सामानात टाकायला तो काही वाळवलेला आंबा नव्हता.

मनिलाच्या विमानतळावर तपासणीला सगळ्यांना बूट काढायला लावले, तेव्हा लोला हरखूनच गेली. ट्रेमागून ट्रे, दुनियेभरचे बूट तिच्यासमोरून सरकत होते. कोणाची शिवण चांगली, कोणाचं नुसतंच चकाकतं, ती बघत राहिली. मागे रोदेल नावाचा खलाशी होता, सेबूकडचाच, व्हँकुव्हरला जहाजावर रुजू व्हायला निघालेला. त्याचा बूट तिने उचलून वाकवून पाहिला.

"ही टाच कॅनडात पोचायची नाही," ती म्हणाली.

"नानाय, पाच हजार पेसो मोजलेत," रोदेल म्हणाला.

"मोजले असशील. चिकटवलीय मात्र नुसती."

तेवढ्यावर ओळख झाली. त्याने तिचे कागद भरले, पट्टा बांधून दिला. विमान जमिनीवरून सुटलं तेव्हा तिने एका हाताने पिशवी धरली आणि दुसऱ्याने रोदेलचा दंड. तिला खुदकन हसू आलं. मग ढग खाली गेले. ती बराच वेळ काचेला नाक लावून होती, आणि हळूच टॉवेलाची घडी उलगडून तिने बाळालाही दाखवलं.

मंगळवारी संध्याकाळी उडालेलं विमान मंगळवारीच दुपारी उतरलं. रोदेलने तारखेची रेघ समजावून सांगितली, तिला कळली नाही. पण मंगळवार पुन्हा मिळालाय म्हटल्यावर तिने मंगळवारची माळ पुन्हा जपली.

व्हँकुव्हरच्या रांगेत रोदेल लंगडायला लागला. टाच हातात घेऊन तो म्हणाला, "तुमची दृष्ट लागली, नानाय." लोलाने ते ऐकलंच नाही, कारण तिचा नंबर लागला होता. काचेमागे पांढऱ्या दाढीचा, थकलेला अधिकारी होता. त्याने पासपोर्टसाठी हात पुढे केला. वडीलधाऱ्या माणसाने हात पुढे केलेला. लोलाने तो दोन्ही हातांनी घेतला आणि वाकून कपाळाला लावला.

अधिकाऱ्याने खाकरून विचारलं, कशाला आलात? तिने तालाचे बूट काढून दाखवले. त्याने शिक्का मारला.

"तो सरकारी माणूस आहे, तुमचा काका नाही," रोदेल पुढे येऊन हसत म्हणाला. "वयानेही लहानच असेल तुमच्याहून."

"घेतला आशीर्वाद तो घेतला," लोला म्हणाली. "आता परत कसा करणार?"

रोदेलने तिला विनिपेगच्या विमानाच्या दारापर्यंत सोडलं, अनवाणी टाचेने.

विनिपेगला मारिविक धावतच आली. आईचा हात कपाळाला लावून रडली, जावई डिंडोनेही हात घेतला. त्याच्या कोटामागे लाल टोपी दिसत होती. टोपी बाहेर आली, सरळ चालत आली, आणि तालाने आपलाच चिमुकला हात लोलाच्या नाकासमोर धरला.

"उलटं गं," मारिविक पुटपुटली. "आठवडाभर शिकवतेय ना? लोलाचा हात तू घ्यायचास."

डिंडोला हसू फुटलं. ताला लालबुंद झाली. हात खाली जाऊ लागला, डोळे लपायला जागा शोधू लागले.

लोलाने पिशवी ठेवली, गुडघे वाजवत वाकली आणि तो हात पडायच्या आत कपाळाला लावला. जन्मभर देव्हाऱ्यातल्या एका लेकरापुढेच वाकत आलेली बाई ती, तिला काही जड गेलं नाही.

"देव तुझं भलं करो," ताला गंभीरपणे म्हणाली. शब्द अगदी बरोबर होते. घरी बाहुल्यांबरोबर सराव चालला होता, आणि त्या खेळात आजी तीच असायची. मग तिने लोलाचा हात ओढला. "आता माझी पाळी." गरम कपाळ हाताला लागलं, तशी लोलाला आशीर्वादाचे शब्द आठवायला थोडा वेळ लागला.

तिथेच बाकावर बसून बूट घालून झाले.

"मोठे आहेत," ताला पाय हलवत म्हणाली.

"वाढायला जागा ठेवलीय."

"किती?"

"सहा महिन्यांची."

तालाने टॉवेलात डोकावून पाहिलं. "याचे पण मोठे आहेत?"

"नाही. तो वाढत नाही, हिंडतो नुसता."

"बर्फात पण?"

"आजपासून," लोला म्हणाली.

मग ताला बाळ येशूला छातीशी धरून पुढे निघाली, नवे बूट फटक फटक वाजवत, आणि दार उघडायच्या आधी तिने आपली टोपी काढून त्याला घातली.