प्रेमिला सिस्टरांचा नेम

प्रेमिला सिस्टर निवृत्त झाल्या त्या दिवशी जो तो त्यांच्या मायेचं कौतुक करत होता. मला हसू आलं. बारा वर्षं मी त्यांची बोलणीच खाल्ली! आता वॉर्डातली शांतता खायला उठते.

कळमेश्वरहून पहिल्या बसनं त्या नागपूरला आमच्या दवाखान्यात यायच्या. आमच्या वॉर्डातली बाळं दिवस भरण्याआधी जन्मलेली, जेमतेम किलोभराची. श्वासासाठी त्यांच्या नाकात हवेची नळी, आणि ती घासू नये म्हणून खाली मऊ पट्टी. दर चार तासांनी नळी बाजूला करून नाक पाहायचं, हा सिस्टरांचा नेम. आम्हा नर्सपैकी कुणी न पाहता वहीत ‘ठीक’ लिहिलं की म्हणायच्या, “डोये घरी ठेवून आली का वं?”

उमरेडच्या रुखमाबाईंची नात सातव्या महिन्यात जन्मली. रुखमाबाई गावातल्या बाळांना मालिश करायच्या. नाक ओढून चाफेकळी करण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. नातीला भेटायला आत सोडलं, तेव्हा त्यांनी कुणाचं लक्ष नाही पाहून तिच्या नाकाला तिळाचं तेल लावलं. तेलानं पट्टी सुटली आणि नळी कातडीवर घासू लागली. दुपारी दोनला पाहायची पाळी माझी होती. बाळ निवांत झोपलेलं. मी तसंच ‘ठीक’ लिहिलं.

सहाला सिस्टरांनी नळी काढली. दोन नाकपुड्यांमधली कातडी काळी पडली होती.

“दोनले पाह्यलं होतं का वं, मेघा?”

“हो, सिस्टर.”

त्यांनी वहीतलं माझं ‘ठीक’ पाहिलं आणि वही मिटली. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. पुढचे दहा दिवस, सुट्टीच्या दिवशीही येऊन, ते नाक त्यांनी स्वतः पाहिलं. पोरगी वाचली, पण नाकाला खाच राहिली.

निरोपाच्या दिवशी रुखमाबाई त्या नातीला, आठ वर्षांच्या श्वेताला, घेऊन आल्या. सिस्टरांचा हात धरून म्हणाल्या, “माह्या तेलानं पोरीचं नाक बिघडलं. अजून जीव जळते माहा.”

सिस्टरांनी माझ्याकडं पाहिलं. नुसतं पाहिलं.

“आजी,” मी म्हणाले, “तेल तुमचं होतं. पण दोनला मी नाक पाहिलंच नव्हतं. खोटं लिहिलं. पाहिलं असतं तर एवढं झालं नसतं.”

रुखमाबाईंनी श्वेताची हनुवटी धरून तिचा चेहरा माझ्याकडं वळवला.

“पाह्य वं मंग आता. नीट पाह्य.”